सोजरबाईंचा उपवासकाळ

सोजरबाई अमोलिक आमच्या देवळात, म्हणजे चर्चमध्ये, तिसऱ्या बाकावर बसत. मी तिथं रविवारी पेटी वाजवायचो, एरवी शाळेत गणित शिकवायचो. आमची ओळख पंचवीस वर्षांची, तरी त्यांच्याशी बोलायचं म्हणजे जरा मनाची तयारी करावी लागे. एका मिशनच्या इस्पितळात बाळंतिणींच्या वॉर्डात त्यांनी तीस वर्षं आयाचं काम केलं होतं. तिथं गोड बोलून भागत नाही, असं त्या म्हणत. नव्या पाळकसाहेबांनी पहिल्याच भेटीत "कशा आहात, आजी?" असं विचारलं, तेव्हा त्या म्हणाल्या होत्या, "तुमच्या आईला मी जन्म दिलेला नाही. सोजरबाई म्हणा."

त्यांचे यजमान शांतवन अगदी उलट. मऊ आवाजाचा, हसऱ्या चेहऱ्याचा माणूस. नारायण पेठेतल्या एका छापखान्यात त्यांनी आयुष्यभर खिळे जुळवले. उलटी अक्षरं त्यांना सुलट्यापेक्षा भरभर वाचता येत. पांढरा शर्ट आणि थंडी असो वा नसो, वरून बदामी कोट. दोघं मूळची नगर जिल्ह्यातली. नाना पेठेतल्या चाळीत दोन खोल्यांत त्यांचा संसार झाला, एकुलती मुलगी वासंती लग्न होऊन सोलापूरला गेली.

निवृत्तीनंतर काही वर्षांनी शांतवन विसरायला लागले. आधी चष्मा, मग वार, मग माणसं. तीन वर्षांत अशी वेळ आली, की सोजरबाई ताटात तांदूळ निवडायला घेत आणि ते शेजारी बसून एकेक दाणा ओळीत लावत बसत, जणू पानाचा मजकूर जुळवताहेत. ओळ मोडली की कावरेबावरे होत. बायकोचं नाव त्यांना आठवेनासं झालं. उपासनेतली गायनं मात्र सगळी पाठ होती. मी पेटीवर सूर धरला, की तिसऱ्या बाकावरून त्यांचा आवाज यायचा, पहिल्या कडव्यापासून शेवटच्यापर्यंत, एक शब्द इकडचा तिकडे नाही.

चौऱ्याण्णव सालची गोष्ट. त्या वर्षी राखेचा बुधवार फेब्रुवारीच्या मध्यावर आला. ईस्टरआधीच्या चाळीस दिवसांच्या उपवासकाळाची पहिली उपासना संध्याकाळी होती. सोजरबाई यजमानांना घेऊन आल्या आणि त्या दिवशी तिसऱ्या बाकावर न बसता दाराजवळच्या शेवटच्या बाकावर बसल्या, म्हणजे ते मध्येच उठले तर बाहेर नेता यावं. कपाळावर राख लावून घ्यायला लोक रांगेनं पुढं जाऊ लागले. आदल्या वर्षी पाळकांनी राख लावली, तेव्हा शांतवन घाबरून ओरडले होते. म्हणून बाईंनी त्यांना जागेवरच बसवलं, हातात प्रार्थनासभांचं छापील पत्रक दिलं आणि म्हणाल्या, "हे वाचा. मी आलेच."

त्या पुढं गेल्या, गुडघे टेकले, राख लावून घेतली आणि परत आल्या. बाक रिकामा होता. सगळं मिळून पाच मिनिटंही झाली नसतील.

आधी आवार बघितलं, मग रस्ता. मग आम्ही दहा-बारा माणसं गल्ल्यागल्ल्यांत पांगलो. नाना पेठ, भवानी पेठ, पार रास्ता पेठेपर्यंत. बदामी कोटातला म्हातारा कुणी पाहिला का, म्हणून विचारत फिरलो. एका पानवाल्यानं पाहिला होता, पण कुठल्या दिशेनं गेला ते त्याला सांगता येईना. सोजरबाई कपाळावरची राख न पुसता चालत होत्या. दुसऱ्या दिवशी सकाळी चौकीवर तक्रार लिहिली: वय एकाहत्तर, उंची पाच फूट चार, वर्ण सावळा, अंगात पांढरा शर्ट, करडी पँट, बदामी कोट. हवालदार भला माणूस होता. त्यानं सगळ्या ठाण्यांना वर्णन कळवलं.

शेजारच्या खोलीत शमशुद्दीन बायको कमरजहांबरोबर राहायचा. त्याची स्वतःची रिक्षा होती. रमजान नुकताच लागलेला. सकाळी शाळेची मुलं सोडून आला, की तो बाईंना रिक्षात बसवायचा आणि दोघं शोधायला निघायची. स्टेशन, एसटीचे थांबे, धर्मशाळा, मंडई, पर्वतीचा पायथा, नदीकाठ. तो रोजे धरलेला, त्या उपवासकाळ पाळणाऱ्या. दुपारच्या उन्हात दोघांपैकी कुणी पाण्याचं नाव काढत नसे. बाई त्याला भाड्याचं विचारायला गेल्या, तेव्हा तो म्हणाला होता, की मावशी, आमच्या अमीनच्या बाळंतपणात इस्पितळात कमरजहांजवळ दोन रात्री तुम्ही बसला होता, तेव्हा मी विचारलं होतं का? विषय तिथंच संपला.

वासंती तिसऱ्या दिवशी सोलापूरहून आली. आल्या आल्या रडली आणि मग तिनं आईला विचारलं, की त्यांना एकटं सोडलंसच कसं? सोजरबाई चपला घालून रिक्षाकडं गेल्या. पुढं वासंतीनं खूप मनधरणी केली, आपण असं बोलायला नको होतं म्हणाली, पण प्रश्न विचारून झालेला होता. आठ दिवस राहून ती मुलांच्या परीक्षांसाठी परत गेली.

मंगळवारी, म्हणजे सहाव्या दिवशी, हवालदारानं सुचवलं की एकदा इस्पितळाच्या शवागारातही चौकशी करा. तो म्हणाला, नसतीलच तिथं, पण नियम आहे. शमशुद्दीन त्यांना घेऊन गेला. तिथल्या कारकुनानं वही उघडून अनोळखी मृतांची नोंद वाचून दाखवली. तीन होते. एक तरुण, एक बाई. तिसरा पुरुष, वय सुमारे सत्तर, वर्ण सावळा, अंगात निळा शर्ट, कमरेला लुंगी, पायांत काही नाही.

"हे आमचे नव्हेत," सोजरबाई म्हणाल्या. "यांनी जन्मात निळा शर्ट घातला नाही. आणि लुंगी तर नाहीच."

कारकून म्हणाला, एकदा बघून घ्या, पलीकडच्याच खोलीत आहे. शमशुद्दीनही म्हणाला, "मावशी, आलोच आहोत तर बघून घेऊ. तुम्ही इथं बसा, मी बघून येतो."

बाईंनी त्याचा हात धरला. "नको. तुम्हीही नको. मी देवाला सांगितलंय, त्यांना जिवंत आण म्हणून. सांगून झाल्यावर मीच मेलेल्यांत शोधायला लागले, तर त्याला काय वाटेल?"

शमशुद्दीननं हात सोडवून घेतला नाही. एवढ्या श्रद्धेपुढं आपण हट्ट धरू नये असं वाटलं, हे त्यानं मला नंतर सांगितलं. ती दोघं बाहेर पडली.

त्यानंतर उपवासकाळ पुढं सरकत राहिला. दर शुक्रवारी कुणाच्या तरी घरी प्रार्थनासभा व्हायची आणि तिथं शांतवनरावांसाठी प्रार्थना व्हायची. लोक बाईंना म्हणायचे, विश्वास ठेवा, तो कसोटी बघतो, पण सोडत नाही. बाई मान हलवायच्या. त्यांनी पूर्वीपेक्षा कडक उपवास धरला होता, दिवसातून एकदाच जेवायच्या. चार आठवड्यांत त्यांचं पातळ अंगावर लोंबायला लागलं. दार त्या कधी लावून घेत नसत. ते आले आणि दार बंद दिसलं तर परत फिरतील, म्हणून.

रोजा सोडायच्या वेळी कमरजहां त्यांना हाक मारायची. बाई जाऊन तिच्या उंबऱ्याशी बसायच्या, एखादा खजूर घ्यायच्या. कमरजहां फार बोलणारी नव्हती. एकदा मात्र तिनं विचारलं, की तुम्ही देवाजवळ काय मागता? बाई म्हणाल्या, काय मागणार, परत आण म्हणून मागते. कमरजहां म्हणाली, मीही तेच मागायचे. पण आता रोज या वेळेला घशाला कोरड पडलेली असते, तेव्हा त्यांची आठवण येते. म्हणून मी मागते, की जिथं असतील तिथं त्यांना कुणीतरी पाणी द्यावं.

ते बाईंच्या मनात राहिलं. परत आण म्हणून मागताना त्यांचे शब्द अलीकडे तोंडातल्या तोंडात वाळून जायचे. पाणी मागणं सोपं होतं. त्या दिवसापासून त्या रोज सकाळ-संध्याकाळ तेवढंच मागू लागल्या: देवा, जिथं असतील तिथं त्यांना कुणाच्या तरी हातून पाणी मिळू दे, अंगावर धड कपडा राहू दे. ईद झाली, रोजे संपले. बाईंचा उपवास आणि ती प्रार्थना चालू राहिली.

देवळातल्या प्रार्थनांच्या यादीत आणखी नावं आली. कुणाचं ऑपरेशन, कुणाच्या मुलाची नोकरी. पाचव्या आठवड्यात शांतवनरावांचं नाव वाचायचं राहून गेलं. चूक माझीच, यादी मी लिहायचो.  उपासनेनंतर बाई पेटीपाशी आल्या, यादीचा कागद मागून घेतला, माझ्याच पेननं त्यावर खाली नाव लिहिलं आणि कागद परत दिला.

ईस्टरच्या आधीचा झावळ्यांचा रविवार त्या वर्षी नेमका धुळवडीच्या दिवशी आला. रस्त्यावर रंग, ढोलकी, ओरडाआरडा. आम्ही माणसं झावळ्या हातात घेऊन आवारात फेरी काढत होतो. फेरी दाराशी आली, तेव्हा फाटकात एक धिप्पाड माणूस उभा दिसला. चाळिशीचा, डोक्याला मुंडासं, गालावर वाटेत कुणी फासलेला गुलाल. आत यावं की नाही, या विचारात. त्याच्या हातावर इस्त्री केलेला, घडी घातलेला कोट होता.

सोजरबाईंच्या हातातली झावळी खाली पडली. त्या चालत फाटकापर्यंत गेल्या. कोटाची बाही उलटून त्यांनी आतलं अस्तर बघितलं. तिथं त्यांच्याच हातचं रफू होतं.

"कुठं आहेत?" त्यांनी विचारलं.

त्या माणसाचं नाव बजरंग. मार्केट यार्डात भुसार मालाच्या गाळ्यांवर हमाली करायचा, मूळचा बार्शीकडचा. आम्ही त्याला आत बाकावर बसवलं. त्यानं सांगितलं ते असं.

गेल्या महिन्यात एका गुरुवारी पहाटे तो कामावर आला, तेव्हा हा म्हातारा गाळ्याच्या पायरीपाशी बसलेला होता. रात्री कुठंतरी गटारात पडला असावा. कोट, शर्ट, पँट, सगळं घाणीनं भरलेलं, अंग थंडीनं कापत होतं. बजरंगनं त्याला नळाखाली नेऊन आंघोळ घातली. स्वतःचा जादा शर्ट घातला, लुंगी नेसवली. पाणी पाजलं, मग चहा, मग भाकरी. शर्ट-पँट फाटून गेली होती ती टाकली, कोट चांगला होता म्हणून घरी नेऊन बायकोला धुवायला दिला. नाव विचारलं, तर म्हातारा नुसता हसायचा. दिवसभर तो गाळ्यापुढं सांडलेले गव्हाचे दाणे गोळा करून ओळीत लावत बसला. हमालांना मोठी गंमत वाटली. कुणी त्याची ओळ मोडली नाही, पोती घेऊन बाजूनं जायचे.

"गानी म्हनायचे," बजरंग म्हणाला. "आमच्या भजनावानीच, पन देव येगळा वाटला. आवाज लई गोड."

घरचं कुणीतरी शोधत येईलच, असं सगळ्यांना वाटलं. शुक्रवारी बजरंगला गावाकडून निरोप आला, आई पडली म्हणून. तो मिळेल त्या ट्रकनं निघाला. जाताना जोडीदाराला सांगून गेला, की बाबांना जेवायला घाल आणि उद्या चौकीवर ने. आईचं दुखणं लांबलं, तिथंच ती गेली, दिवस करून तो परवा परत आला. तेव्हा त्याला कळलं, की तो गेला त्याच रात्री म्हातारा झोपेतच गेला होता. पोलीस आले, पंचनामा झाला, गाडी घेऊन गेली. पुढचं यार्डात कुणाला ठाऊक नव्हतं. घरी धुतलेला कोट होता. खिशात कागदाचा लगदा सापडला होता. बायकोनं तो उन्हात वाळवून जपून ठेवला होता. ते आमचं प्रार्थनासभांचं पत्रक. बजरंगला वाचता येत नव्हतं. त्यानं ते मुनीमजींकडून वाचून घेतलं, देवळाचा पत्ता विचारत विचारत आला.

"लवकर यायला पायजे व्हतं," तो म्हणाला. "पन आई..."

सोजरबाई त्याच्याकडं बघत होत्या. मग त्यांनी विचारलं, "तुम्ही घातलेला शर्ट कुठल्या रंगाचा होता?"

"निळा. का हो?"

शमशुद्दीनला कुणीतरी बोलावून आणलं होतं, तो दाराशी उभा होता. मी त्याच्याकडं पाहिलं.  आम्हा दोघांनाही वाटलं, की बाई आता शवागारातलं सगळं बोलणार. पण बाई म्हणाल्या, "काही नाही. निळा त्यांना शोभला असेल."

बजरंगनं विचारलं, की तुम्ही लोकांनी तेव्हा शोधलं नव्हतं का? आणि बाईंनी सांगितलं, "शोधलं. मीच नीट बघितलं नाही. तुमच्याकडून काही कमी पडलं नाही."

शर्टाची गोष्ट त्यांनी त्याला त्या दिवशी सांगितली नाही, पुढंही कधी सांगितली नाही. आम्हालाही तंबी दिली. त्यानं स्वतःचा कपडा दिला, त्याचं त्याला ओझं कशाला, असं म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी त्या ठाण्यावर गेल्या. मी आणि शमशुद्दीन बरोबर होतो. अनोळखी मृतांचे फोटो एका जाड वहीत चिकटवलेले असत. अंमलदारानं पान उघडून हात वर ठेवला आणि म्हणाला, बाई, बसून घ्या. "दाखवा," त्या म्हणाल्या. फोटोत डोळे अर्धवट उघडे होते. बाईंनी फार वेळ बघितलं, मग वही आमच्याकडं न देता मिटली. तेच होते. आठ दिवस वाट बघून नियमाप्रमाणे दहन झालं होतं. म्हणजे त्या मंगळवारी बाई शवागारात कारकुनाच्या वहीपाशी उभ्या होत्या, तेव्हा ते भिंतीपलीकडं होते.

परत येताना रिक्षात शमशुद्दीन रडायला लागला. मी तुमचं ऐकायला नको होतं, म्हणत राहिला. बाई म्हणाल्या, "गाडी बाजूला घ्या आधी. रडत चालवू नका." गाडी उभी राहिली. त्याचं रडणं संपेपर्यंत त्या समोर बघत बसल्या.

मग त्यांनी दार लावून घेतलं. पवित्र सप्ताहातल्या एकाही उपासनेला त्या आल्या नाहीत. उत्तम शुक्रवारी, म्हणजे गुड फ्रायडेला, तीन तासांच्या उपासनेत तिसरा बाक मोकळा राहिला, त्यावर कुणी बसलं नाही. वासंती सोलापूरहून आली होती. ती म्हणाली, आई जेवते, झोपते, बोलत नाही, प्रार्थनाही करत नाही.

शुक्रवारी संध्याकाळी पाळकसाहेब त्यांच्याकडं गेले. मला बरोबर चला म्हणाले, एकट्यानं जायची त्यांची हिंमत नव्हती. बत्तीस वर्षांचे होते ते. आम्ही बसलो. बाईंनीच सुरुवात केली.

"साहेब, ते शुक्रवारी गेले. तिथून छत्तीस दिवस मी मागत होते. आधी म्हणाले, जिवंत आण. मग म्हणाले, पाणी दे. ज्याला जाळून टाकलं होतं त्याच्यासाठी पाणी मागत होते. तेव्हा ऐकत कोण होतं? आणि ऐकत होता तर मला कुणी सांगितलं का नाही, की बाई, पुरे?"

पाळकसाहेबांनी शास्त्राचं पुस्तक उघडलं नाही. ते मांडीवरून बाजूला ठेवलं. मग म्हणाले, "मला माहीत नाही, सोजरबाई."

"हे बरं बोललात," त्या म्हणाल्या. "चार दिवस सगळे येऊन सांगताहेत, त्यांना सगळं माहीत आहे."

वासंतीनं चहा आणला.  मग बाई हळूच म्हणाल्या, आमच्याकडं न बघता, "पाणी मिळालं होतं त्यांना. कपडाही. मी मागायच्या आधीच मिळालं होतं. मी मागितलं नव्हतं तेव्हा त्या हमालाला कुणी सांगितलं?"

पाळकसाहेब काही बोलणार होते. बाईंनी हातानं थांबवलं. "उत्तर नको. मी विचारतेय, तेवढं पुष्कळ आहे. तीन दिवस मी त्याच्याशी बोलतच नव्हते."

शनिवारी सकाळी स्मशानभूमीत जाऊन प्रार्थना करायची, असं त्यांनी ठरवलं. मंडळीतल्या एक-दोन वडीलधाऱ्यांना ते पटलं नाही. कबर नाही, देह नाही, आणि देह जाळलेला. शेवटच्या दिवशी त्यांचं पुनरुत्थान कसं होणार, अशी कुजबुज बाईंच्या कानावर आली. त्या म्हणाल्या, "ज्यानं मातीतून माणूस केला, त्याला राखेतून करणं जड जाणार आहे का? तुम्हाला जड वाटत असेल तर येऊ नका."

आम्ही सात जण गेलो. वासंती, पाळकसाहेब, मी, शमशुद्दीन, कमरजहां, बजरंग आणि बाई. तिथल्या माणसानं बेवारस दहनाचा ओटा दाखवला. राख केव्हाच नदीत गेली होती. ओटा धुतलेला, कोपऱ्यात हरभऱ्याचे दाणे टिपत दोन चिमण्या. पाळकसाहेबांनी दफनविधीतली प्रार्थना म्हटली. बजरंग हात जोडून उभा होता. पेटी नव्हती, सूर धरायला कुणी नव्हतं, तेव्हा बाईंनीच गायन सुरू केलं. त्यांना गळा नव्हता, देवळात त्या कधी मोठ्यानं गात नसत. दुसऱ्या कडव्यात शब्द विसरल्या, थांबल्या. आम्हीही थांबलो. सगळी कडवी पाठ असणारा माणूस आमच्यात नव्हता. मग त्यांनी पहिलंच कडवं परत म्हटलं.

दुसऱ्या दिवशी ईस्टरला त्या आल्या. तिसऱ्या बाकावर बसल्या. "प्रभू उठला आहे" असं पाळकसाहेब तीनदा म्हणतात, आणि दर वेळी मंडळीनं "खरोखर उठला आहे" असं उत्तर द्यायचं असतं. मी पेटीवरून बघत होतो. पहिल्या वेळी त्यांचे ओठ हलले नाहीत. दुसऱ्या वेळीही नाही. तिसऱ्या वेळी त्यांनी काहीतरी म्हटलं. काय, ते मला ऐकू आलं नाही.

त्या पुढं बारा वर्षं जगल्या, आणि त्यांचं खरं नाव झालं ते या बारा वर्षांत. त्याच वर्षी पावसाळ्यानंतर चौकीवरचा तो हवालदार त्यांच्याकडं आला. एका घरचा मुलगा हरवला होता, आईला शवागारात जाववत नव्हतं. तुम्ही येता का, म्हणाला. बाईंनी चपला घातल्या आणि गेल्या. तिथून ते सुरू झालं. कुणाचं माणूस हरवलं, की पेठांतून, कर्वेनगरातून, कुठून कुठून लोक त्यांना शोधत यायचे. हिंदू, मुसलमान, आपले, सगळे. बाई बरोबर जायच्या, घरच्यांना बाहेर बसवायच्या, आधी स्वतः आत जाऊन प्रत्येक चेहरा बघून यायच्या. कपडे, वर्णन कुणी सांगायला लागलं, की म्हणायच्या, "कपड्यांचं राहू दे. फोटो आणलाय का?" आणि कुणी म्हणालं, की आम्हाला विश्वास आहे, ते जिवंतच आहेत, बघायची गरज नाही, तर त्या फक्त एवढंच सांगायच्या: "असू दे की विश्वास. तो घेऊनच आत चला. बघितल्यानं देव रागावत नाही. मी न बघून पाहिलंय."

मी एकदा त्यांना विचारलं, की इतकं बघून तुमचा विश्वास टिकतो कसा? "टिकत नाही," त्या म्हणाल्या. "दूध ठेवलं तर टिकतं का? रोज सकाळी नवं घ्यावं लागतं. कधी मिळतं, कधी बाई रिकामं भांडं घेऊन परत येते."

बहुतेक वेळा आत माणूस सापडत नसे. सापडलं तर बाई घरच्यांच्या शेजारी बसून राहायच्या. बारा वर्षांत दोनदा माणूस जिवंत मिळाला. दुसऱ्या वेळची हकिगत मला ठाऊक आहे. कर्वेनगरच्या श्यामला म्हणून एक बाई होत्या, त्यांचे वडील हरवले होते. शवागारात ते नव्हते. बाहेर पडताना सोजरबाईंनी सहज विचारलं, की वॉर्डांतून बघितलं का, आणि त्यांना घेऊन प्रत्येक वॉर्ड पालथा घातला. तिसऱ्या मजल्यावर एका खाटेवर म्हातारे पडलेले होते, डोक्याला पट्टी, नावाच्या जागी 'अनोळखी'. श्यामलाबाई धावल्या. सोजरबाई दारातच थांबल्या. वॉर्डातल्या आयाला म्हणाल्या, की त्यांच्या ओठांना कोरड पडलीय, चमच्यानं पाणी पाज. मग खाली उतरून, बस पकडून घरी आल्या. तो उपवासकाळाचा चौथा आठवडा होता. संध्याकाळी प्रार्थनासभेला त्या जरा उशिरा पोचल्या.